पहिलंच गेमिंग कन्व्हेन्शन: ठाणे ते बीकेसी, साडेपाच फुटी तलवार आणि टेकन

कासारवडवलीकर

बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दोन दिवसांचं गेमिंग-कॉमिक कन्व्हेन्शन आहे. शनिवार-रविवार दोन्ही दिवसांची तिकिटं काढली आहेत. असल्या ठिकाणी आजवर पाऊल टाकलेलं नाही. हाताशी पाच आठवडे आहेत.

फायनल फँटसी ७ या गेममधल्या क्लाऊडचा वेश (कॉस्प्ले) करायचाय, म्हणजे त्याची अवाढव्य बस्टर तलवार आलीच. ती कशाची करावी, आणि लोकलमधून नेता येईल अशी कशी करावी? टेकन ८ या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेतही नाव घालायचा विचार आहे. घरी पीएस५ वर (प्लेस्टेशन ५ कन्सोलवर) खेळतो, पण चार लोकांसमोर कधी नाही. सोबत काय न्यायचं, काय विसरलं की पंचाईत होते? आणि हे सगळं शनिवारीच उरकून रविवार नुसता भटकायला ठेवायचा बेत आहे, तो बरोबर आहे का?

सानपाडा४२

बेत उलटा-सुलटा करा. स्पर्धा आणि कॉस्प्ले एकाच दिवशी ठेवू नका. मॅचसाठी नाव कधी पुकारतील सांगता येत नाही, वेळापत्रक तासभर सहज मागे-पुढे होतं. मॅचच्या कन्सोलपाशी हजर नसलात की काही मिनिटांत डीक्यू, म्हणजे बाद. त्यात हातमोजे, विग आणि खांद्यावरचं चिलखत घालून कंट्रोलर धरायचा म्हणजे सर्कसच. शनिवारी साध्या टी-शर्टात स्पर्धा, रविवारी कॉस्प्ले. कॉस्प्लेच्या स्टेजवर जायचं असेल तर नोंदणी कोणत्या दिवसाची आहे ते मात्र आधी बघून घ्या.

तलवारीबद्दल इथली 'फोमकाम' सांगेल.

फोमकाम

सांगते. सगळ्यात आधी आयोजकांची प्रॉपची, म्हणजे वेशासोबतच्या तलवारीसारख्या वस्तूंची, नियमावली वाचा. धातू आणि धार बहुतेक सगळीकडे बाद असते. काही ठिकाणी लांबीची मर्यादा असते, काही ठिकाणी आतला पीव्हीसी पाईपही चालत नाही. हे न वाचता केलेली तलवार दारावर ठेवून आत जावं लागतं.

पाईप चालत असेल असं धरून पुढचं. एकूण लांबी ६५ इंच ठेवा: मूठ १५, पातं ५०. पात्याची रुंदी १० इंच. तुकडे दोनच. खालचा तुकडा म्हणजे मूठ आणि २५ इंच पातं, झाला ४० इंच. वरचा तुकडा २५ इंच पातं आणि खाली बाहेर आलेले ८ इंच पाईप, झाला ३३. हे दोन्ही एकावर एक ठेवले की ४१ इंची अकूस्टिक गिटारच्या पिशवीत मावतात, आणि गिटारच्या पिशवीकडे लोकलमध्ये कोणी वळूनही बघत नाही.

पाईप विजेच्या वायरिंगचा घ्या, १० फुटी लांबीत मिळतो. २५ मिमीचा एक, २० मिमीचा एक. दुकानात उभं राहूनच २० चा २५ मध्ये सरकवून बघा. जाड भिंतीचा २५ घेतलात तर २० आत जात नाही, अगदी पातळ घेतलात तर खुळखुळतो. किंचित सैल असेल तर २० च्या पाईपवर दोन ठिकाणी इन्सुलेशन टेपचे वेढे पुरतात.

२५ चे तीन तुकडे कापा: २५ इंची दोन आणि ४० इंची एक. ४० वाला मधोमध, तो थेट मुठीत जातो. २५ वाले त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडून. २० चे २७ इंची दोन, वरच्या पात्यात १९ इंच आणि बाहेर ८. दोन समांतर पाईप याच्यासाठी की एकाच गोल पाईपवर पातं स्वतःभोवती फिरतं. पहिल्यांदा करणारे हमखास इथे फसतात. वरचे पाईप टोकाच्या ६ इंच अलीकडेच थांबवा. तपासणीवाले टोक दाबून बघतात, ते मऊच लागलं पाहिजे.

फोम इव्हाचा. वरून-खालून ५ मिमीचे पत्रे, आत पाईपांच्या बाजूने १०, १० आणि ५ मिमीच्या पट्ट्या एकावर एक, म्हणजे २५ ची उंची भरून निघते. वरच्या तुकड्यात पाईप २० चा असल्याने त्याच्याखाली ५ मिमीची पट्टी सरकवा, पण पाईपांची तोंडं समोरासमोर येतात ना ते दोन्ही तुकडे जोडूनच बघा. एकूण जाडी ३५ मिमी. मध्ये पोकळ राहू द्या, भरीव केलीत तर संध्याकाळपर्यंत खांदा बोलायला लागेल. जोडाजवळ आरपार ५ मिमीचं छिद्र पाडून बोल्ट आणि पंखाचं नट (हाताने फिरवायचं विंग नट) लावा, त्यावर वेल्क्रोने फोमची झडप. नुसत्या मॅग्नेटवर भिस्त ठेवू नका, तलवार आडवी धरली की तिच्याच वजनाने जोड उघडतो.

मुठीच्या वर मटेरियाची (गेममधल्या जादूच्या गोळ्यांची) दोन गोल भोकं असतात, ती विसरू नका. लोक तिथूनच तलवार ओळखतात. चिलखत डाव्या खांद्यावर.

इव्हा फोम चपला-बुटांच्या मालाच्या दुकानात मिळतो. कुर्ल्याची ठक्कर बाप्पा कॉलनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. हस्तकलेच्या दुकानातले रंगीत ए४ कागदासारखे पत्रे २ मिमीचे असतात, ते या कामाचे नाहीत. कटर १८ मिमी पातीचा, आणि पातं सढळ हाताने मोडत राहा. इव्हा धार फार लवकर खातो, बोथट पात्याने कड फाटल्यासारखी निघते.

पाचपाखाडी_कॉम्बो

टेकनचं मी सांगतो.

स्पर्धा बहुधा डबल एलिमिनेशन असते. म्हणजे एक सेट हरलात तर लूझर्स ब्रॅकेटमध्ये, एकदा हरलेल्यांच्या गटात, जाता, दुसरा हरलात की घरी. नेहमीची मांडणी अशी: ६० सेकंदांचा राउंड, ३ राउंड जिंकले की एक गेम, २ गेम जिंकल्या की सेट. शेवटच्या आठात ३ गेमवर नेतात. जिंकलेल्याने तोच कॅरेक्टर ठेवायचा, हरलेल्याला बदलता येतो.

कंट्रोलर स्वतःचा न्यायचा. पीएस४ चा ड्युअलशॉक पीएस५ च्या गेमना चालत नाही आणि टेकन ८ पीएस४ वर आलेलाच नाही, तेव्हा पीएस५ चा ड्युअलसेन्सच हवा. केबल यूएसबी-सी, दोन मीटर तरी, आणि डेटा जाणारी. पॉवर बँकबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलींमधून फक्त चार्जिंग होतं. घरच्या पीएस५ ला लावून, सेटिंग्जमधल्या अॅक्सेसरीजमध्ये कंट्रोलरचं कम्युनिकेशन यूएसबीवर ठेवून खेळून बघा. चाललं नाही तर केबल बदला.

आता खरी मेख. स्पर्धेच्या कन्सोलला तुमचा कंट्रोलर केबलने लावला की तो त्या कन्सोलशी जोडला जातो. मॅच संपली, केबल काढली, पिशवीत टाकला. पिशवीत पीएसचं बटण दाबलं गेलं की कंट्रोलर जागा होऊन थेट त्याच कन्सोलला चिकटतो आणि दुसऱ्या दोघांची चालू मॅच थांबते. अशा वेळी सगळा हॉल तुमच्याकडे बघतो. म्हणून उठण्यापूर्वी केबल काढून क्रिएट आणि पीएस बटण एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकला की जोडणी सुटली.

मॅचआधी बटण चेक, म्हणजे बटणं हवी तशी लावलीत ना हे बघायला वेळ, मागायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका. टेकन ८ मध्ये एल१ ला स्पेशल स्टाइल (नवशिक्यांसाठीची सोपी बटणपद्धत) असते. चुकून दाबलं की ऐन भरात सगळी बटणं वेगळंच काही करायला लागतात. कंट्रोलर सेटिंगमध्ये ते बटण मोकळं करून टाका. पॉजचंही बघा. मॅचमध्ये पॉज झाला तर बहुतेक नियमावल्यांत राउंड जातो.

३.५ मिमीचे वायरवाले इअरफोन न्या, कंट्रोलरलाच लागतात. हॉलच्या गोंगाटात टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही.

ऐरोली_लोकल

प्रवासाचे दोन रस्ते.

तलवार नसेल त्या दिवशी: ठाण्याहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, खाली उतरून मेट्रो ३ ने बीकेसी. अंतर जास्त आहे पण गार हवा आणि रिक्षाची घासाघीस नाही. बीकेसी स्टेशनवरून पुढे चालत जाण्याजोगं आहे.

तलवारीच्या दिवशी मेट्रो नको. दोन्ही मेट्रोंना बॅग स्कॅनरमधून जाते, आणि तलवारीचा आकार पडद्यावर दिसला की 'फोमची आहे हो' हे प्रत्येकाला समजावत बसा. तेव्हा सरळ कुर्ला, पश्चिमेला बाहेर पडून बेस्टची ३१०. शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून गिटार बसवू देत नाहीत.

रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा. माटुंगा-मुलुंड फास्ट मार्गावर ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लोवर वळवतात आणि सगळंच रेंगाळतं. कासारवडवलीहून स्टेशन गाठायला घोडबंदर रोडचा एक तास वेगळा धरा, शनिवारी सकाळीसुद्धा. नवी मुंबईवाल्यांना हार्बरने वाशीहून थेट कुर्ला आहे.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार. नमुना म्हणून फूटभर पातं करून बघितलं. फोमकाम, फेव्हिकॉलचं एसआर ९९८ लावलं होतं, रात्री घट्ट बसलं, सकाळी कडा उघडलेल्या. नंतर हीट गन फिरवली तर आणखी उघडल्या. गोंद खराब आहे का?

फोमकाम

गोंद ठीक आहे, क्रम चुकला. एसआर उष्णतेने मऊ पडतं, त्यामुळे हीट गनचं सगळं काम चिकटवण्याआधी करायचं. फोमवर गन फिरवत राहा, पृष्ठभागाची चमक बदलली की थांबा. छिद्रं बंद झालेली असतात. त्याहून जास्त थांबलात तर फोम आकसतो आणि माप चुकतं.

मग जिथे चिकटवायचं तेवढीच जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पाईपही ८० ने. पत्र्याची गुळगुळीत बाजू गोंद धरत नाही. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाला लागेनासा झाला की एकाच प्रयत्नात बसवा. ओला असताना दाबलात तर आतला सॉल्व्हंट अडकून राहतो आणि सकाळी कडा उघडतात, तुमचं बहुधा हेच झालंय. बसल्यावर सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनाने खुणा करा. गॅलरीत बसून करा, आसपास गॅस किंवा उदबत्ती नको, गोंदाची वाफ पेट घेते.

ग्लू गनने करायचा मोह टाळा. आपल्याकडच्या उन्हात तो गोंद ढिला पडतो.

रंगाआधी पांढरं फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. हे पात्यावर चालतं कारण पातं वाकत नाही. वाकणाऱ्या भागावर, म्हणजे चिलखताच्या पट्ट्यांवर, ते तडकतं. तिथे रबरी कोटिंगचा स्प्रे वापरा. दमट हवेत आणि घामाने फेव्हिकॉल पुन्हा चिकट होतं, म्हणून वर पाण्यातलं क्लिअर व्हार्निश द्या आणि मुठीवर फेव्हिकॉल नकोच, कापडी पट्टी गुंडाळा. रंग काळा आधी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. सगळीकडे सारखं चंदेरी फासलंत तर तलवार थर्माकोलची दिसते.

सानपाडा४२

सामानाबद्दल राहिलं. तिकिटाच्या क्यूआरचा स्क्रीनशॉट घ्या, आत गर्दीमुळे नेट रडतं. त्याच कारणाने यूपीआय अडकतं, शंभरच्या नोटांत हजारभर रुपये ठेवा. पॉवर बँक, फेव्हिक्विक, दुहेरी टेप, सेफ्टी पिना, ओआरएसची दोन पाकिटं. पोस्टर घ्यायची असतील तर फूटभर लांबीची पुठ्ठ्याची नळी. ए३ ची लहान बाजू २९७ मिमी असते, ती त्यात बसते. नळी नसेल तर कुर्ला-ठाणे प्रवासात पोस्टरचा बोळा ठरलेला.

चित्रकारांच्या टेबलांवर पहिल्या दिवशी जा, चांगले प्रिंट रविवारी दुपारपर्यंत संपतात. मोठ्या स्टॉलवरचे टी-शर्ट उलट शेवटच्या दोन तासांत बघा, परत न्यायला नको म्हणून भाव खाली येतो. कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि प्रॉपला हात लावू नका.

कासारवडवलीकर

एक शेवटचं. तलवार जोडायची कुठे, घरून जोडून निघता येणार नाही ना?

फोमकाम

बीकेसीत पोचल्यावर, तपासणीच्या रांगेत लागण्याच्या आधी. जोडलेली नसेल तर पूर्ण लांबी बघायला ती तिथेच जोडायला लावतात आणि मागची रांग तुमच्या नावाने बोटं मोडते. पंखाचं नट जादा एक खिशात ठेवा, ते हमखास पडतं. तपासून झाल्यावर तलवारीला टॅग बांधला की तो दिवसभर काढायचा नाही. निघताना तलवार सोडवून पिशवीत घाला आणि मगच बस पकडा.