चमच्यावर नांगराचा छाप आहे, म्हणजे जहाजाचाच ना?

प्रश्न (आर्वी तालुका):
वाड्यातल्या जुन्या पेटीत दोन चमचे निघाले. एकाच्या मागे नांगर, चालता सिंह आणि एक इंग्रजी अक्षर, दांडीच्या टोकाला मिन्याचा चौरंगी झेंडा. दुसऱ्यावर ‘बी.आय.एस.एन.’ आणि ‘ई.पी.एन.एस.’ असं आहे. सोनार म्हणतो, दोन्ही चांदीचे, गाळून देतो. देऊ का?

उत्तर १:
गाळू नका भाऊ. नांगराचा बोटीशी काही संबंध नाही, तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या परख कार्यालयाचा (चांदीची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा) छाप आहे, १७७३ पासूनचा. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. अक्षरावरून साल निघते, पण तक्ता बर्मिंगहॅमचाच पाहा, अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकटही जुळवा. १९७५ आधीच्या मालावर तेच अक्षर दुसऱ्या शहरात दुसरं साल दाखवते.

बोटीची खूण झेंड्यात आहे. निळा-पांढरा तेव्हाच्या पोर्तुगालचा, पिवळा-लाल स्पेनचा, असे चार त्रिकोण असतील तर तो पी अँड ओ या इंग्रजी जहाज कंपनीचा.

दुसरा चमचा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनचा. हे नाव १८६२ चं. १९१४ मध्ये कंपनी पी अँड ओ मध्ये गेली, पण बोटी जुन्याच नावानं चालत राहिल्या, म्हणून नुसत्या नावावरून साल ठरवू नका. ई.पी.एन.एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. आतला धातू तांबं, निकेल अन् जस्त. गाळून चांदी हाती लागतच नाही.

उत्तर २:
कानस लावू देऊ नका, पाण्यात तोला. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्य करा. चमचा दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला-काठाला टेकू नये. दिसेल तो आकडा म्हणजे घनफळ, त्यानं कोरड्या वजनाला भागा, घनता निघते. ३१ ग्रॅमच्या चमच्याला ३.० आलं तर १०.३, म्हणजे चांदी. ३.५५ आलं तर ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर. बुडबुडे चिकटले की आकडा फसतो, आधी बोटानं झटका. मिन्यामुळं पहिल्याचं उत्तर थोडं कमी येईल.

उत्तर ३:
राख-चिंच तर बिलकुल नको. राखेतल्या कणांनी मुलामा घासून जातो, वाटीच्या बुडाशी पिवळसर डाग उघडा पडतो तो त्यानंच. मिन्याला उकळतं पाणीही नको, तडा जातो. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ सुती कापड, लगेच कोरडं करा. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकानं काळी रेघ उमटते. नवा मुलामाही चढवू नका, आधी पॉलिश होते अन् त्यात कंपनीचं कोरीव नाव बुजते.