मानेसाठी पट्टा घ्यावा की उशी? बजेट २,००० (इंदूर)

रामबागकर: मंगळवारी पलासियाच्या सिग्नलला उभा होतो, मागून एकाने ठोकलं. बंपर गेला, मला वाटलं आपण वाचलो. सकाळी डोकं उशीवरून उचलेना. केसांत बोटं घालून दोन्ही हातांनी उचललं. एक्स-रे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले मुका मार आहे, गोळ्या घ्या, मान हलती ठेवा. पट्टा, उशी की शेकायची पिशवी? २,००० च्या वर नको.

तुकोगंजची ताई: उशीबिशी सोडा, गादी बदला. आम्ही १८,००० ची घेतली, ह्यांची पाठ तेव्हापासून गप्प आहे.

रामबागकर: ताई, दोन हजार हो.

मालवी_मिसळ: पट्टाच घ्या. मी तीन महिने लावला होता.

फिजिओवाली: आणि तीन महिन्यांनी मान वळत होती का? पट्ट्याने स्नायू आळशी होतात. एक्स-रेत हाडं दिसतात, स्नायू आणि लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) नाही, म्हणून नॉर्मल आला तरी दुखतं. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, टॉवेलात गुंडाळून, एका वेळी १५ मिनिटं. मग शेक. सोसेल तेवढीच मान डावी-उजवीकडे, दिवसातून चार-पाचदा. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. हाताला मुंग्या आल्या किंवा पकड सुटायला लागली तर थांबू नका, दाखवा.

मालवी_मिसळ: वळत होती. थोडी.

राजवाडा७७: एका पहेलवानाकडून मोकळी करून घेतली होती. कट्‌ आवाज आला, मग करंगळीपर्यंत मुंग्या. नाव विचारू नका, आमच्याच गल्लीत राहतो.

बिनहॉर्न: सीटवरचं हेडरेस्ट कुठे होतं? वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला यायला हवी. लोक मानेपाशी ठेवतात.

मालवी_मिसळ: इथे मागचा ठोकतो, त्याचं बोला! विजयनगरला तर सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न.

तुकोगंजची ताई: बर्फ लावा. आणि गादी.

फिजिओवाली: बर्फाचे दिवस गेले ताई, आज रविवार.

रामबागकर: सगळ्यांचे आभार. हेडरेस्ट पाहिलं, खांद्याला टेकलेलं होतं. दोन खाचा वर केलं. मानेखाली टॉवेलाची गुंडाळी, शेकायला आईची रबरी पिशवी. दोन हजारांत गाडीत डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपणारा कॅमेरा, बसवला. ठोकणारा अजून म्हणतोय मीच रिव्हर्स घेतली.

राजवाडा७७: कुठला डॅशकॅम?