मुलींच्या सोल ग्रुप्सचं ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घेतलं की झालं?

फडताळ
मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे धावून येणाऱ्यांची सोय होईल. शिरेल्स, मार्व्हेलेट्स, रॉनेट्स, मार्था अँड द व्हॅन्डेलाज, अगदी सुप्रीम्ससुद्धा; साठच्या दशकातल्या या अमेरिकन ग्रुप्सचे मूळ अल्बम हुडकत बसू नका. प्रत्येकीचं एकेक बरं ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या आणि विषय संपवा.

ही गाणी अल्बमसाठी झालीच नव्हती हो. अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं, ४५ आरपीएमची छोटी तबकडी आणि गाडीतला रेडिओ, एवढाच त्यांचा मुलूख. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत कुठलं गाणं बाजारात काढायचं हे ठरवायला बैठका बसायच्या, आणि तिथून सुटलेलं गाणं खरोखर तावून सुलाखून निघालेलं असायचं. अल्बमला असली चाळणी कुठली? गाणं चाललं की त्याच्या नावावर अल्बम काढायचा आणि उरलेल्या जागेत हाताला लागेल ते कोंबायचं. सुप्रीम्सचंच बघा. १९६४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत लागोपाठ तीन गाणी पहिल्या क्रमांकावर, आणि त्याच वर्षी ‘अ बिट ऑफ लिव्हरपूल’ नावाचा अल्बम, म्हणजे ब्रिटिश पोरांची गाणी यांच्या तोंडी. पुढच्या वर्षी कंट्री-वेस्टर्न. १९६७ मध्ये रॉजर्स आणि हार्टची ब्रॉडवेची गाणी. कोण ऐकतं ते आज?

त्यापेक्षा १९६७ च्या ऑगस्टमध्ये आलेलं सुप्रीम्सचं डबल ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या. वीस गाणी, आणि तोवर पहिल्या क्रमांकावर गेलेली दहाच्या दहा त्यात आहेत. तो संग्रह स्वतःसुद्धा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणखी काय पाहिजे?

मंद्रसप्तक
नेमका तोच संग्रह काढलात ते बरं झालं. तो हातात घ्या आणि वरचं नाव वाचा: ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. आतली वीसच्या वीस गाणी नुसत्या ‘सुप्रीम्स’ या नावाने झालेली आहेत. मुख्य गायिका डायनाचं नाव पुढे लावलं गेलं ते त्या उन्हाळ्यात. त्याच जुलैमध्ये फ्लॉरेन्स बॅलार्डला ग्रुपमधून काढलं आणि सिंडी बर्डसाँगला आणलं. पुढच्याच महिन्यात हा संग्रह दुकानात. म्हणजे जी बाई त्या दहाही नंबर वन गाण्यांत आहे ती घराबाहेर, आणि तिच्या घामाच्या गाण्यांवर नवी पाटी!

आता आत काय निवडलंय ते बघा. फ्लॉरेन्स ही ग्रुप उभा करणाऱ्यांपैकी, दणदणीत आवाजाची. ‘बटर्ड पॉपकॉर्न’ (१९६१) तिने मुख्य आवाजात गायलंय. सोल गायक सॅम कुकच्या आठवणीत केलेल्या १९६५ च्या अल्बमवर ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ तिचं आहे. वीसमध्ये यातलं एकही नाही. “हिट नव्हती ती” म्हणाल, तर मग ‘रन, रन, रन’ कसं आहे? ते तर यादीत ९३ व्या क्रमांकावरच दमलं होतं! ‘बेबी लव्ह’च्या मागच्या बाजूचं ‘आस्क एनी गर्ल’ही आहे. जागा होती. फ्लोला नव्हती.

ज्या कंट्री अल्बमला तुम्ही नाक मुरडता ना, त्यात तिच्या वाट्याला ओळी आल्यात. म्हणून ऐकते मी तो.

टपरीवाला
गाणी ऐकायची की कंपनीचं दप्तर तपासायचं?

फडताळ
@मंद्रसप्तक, ताई, फ्लोवर अन्याय झाला याबद्दल वादच नाही. ३२ व्या वर्षी गेली बिचारी, १९७६ मध्ये. पण तो अन्याय संग्रहाने केला का? तो कंपनीने केला, आणि अल्बमवरही केलाच. अख्ख्या अल्बमवर तिला एखादं गाणं मिळायचं, मग अल्बम ऐकून तिला न्याय कसा मिळतो? ‘कम सी अबाउट मी’मध्ये मागचे आवाज नीट ऐका, ती तिथे आहे. सहानुभूतीपोटी दुय्यम गाणं ऐकण्यापेक्षा मी तिला तिथे ऐकेन.

मिशिगनकर
डेट्रॉइटजवळ राहतो, पाहुणे आले की त्यांना मोटाउनच्या संग्रहालयात नेणं हा आमच्या घरचा रिवाजच झालाय. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं २६४८ नंबरचं साधं दुमजली घर, वर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी. आवाज घुमवण्यासाठी माळ्याचा वापर करायचे, ती जागा दाखवतात. गाइड कोणालातरी छताखाली उभं करून टाळी वाजवायला लावतो. खोली एवढीशी, की ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’च्या सुरुवातीचे ते धपाधप पाय कुठून आले ते लगेच पटतं. ड्रम नाहीत ते, लाकडी फळ्यांवर बूट आपटलेत. हे गाणं आधी मार्व्हेलेट्सना देऊ केलं होतं, त्यांनी नाकारलं असं सांगतात. मग ते गेलं सुप्रीम्सकडे, ज्यांना तोवर कंपनीत ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणून चिडवायचे.

माझा मुद्दा वेगळाच आहे. खोली तीच, वादक तेच फंक ब्रदर्स, बेसवर जेम्स जेमर्सन, आणि सुप्रीम्स व व्हॅन्डेलाजची बरीच गाणी लिहिणारे हॉलंड-डोझियर-हॉलंडही तेच. मग ‘सुप्रीम्सचं ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणताना आपण नक्की कोणाचं म्हणतोय? ‘लव्ह चाइल्ड’मध्ये मागे तिसरी सुप्रीम मेरी विल्सनही नाही आणि सिंडीही नाही. तिथे अँडान्टिज आहेत: जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांत या तिघी गायल्या, तबकडीवर नाव नाही. सुप्रीम्सचं शेवटचं नंबर वन, बारावं, ‘समडे वुई विल बी टुगेदर’ (१९६९). त्यातही डायना सोडून दुसरी सुप्रीम नाही. गाण्याचं नाव काय, आणि प्रकार काय!

खडूफळा
मिशिगनकरांच्या मुद्द्याला निर्माता फिल स्पेक्टरची जोड द्या. १९६२ चं ‘ही इज अ रेबेल’ क्रिस्टल्सच्या नावावर पहिल्या क्रमांकावर गेलं. क्रिस्टल्स न्यूयॉर्ककडे, रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला. गायली डार्लीन लव्ह, तिच्या ब्लॉसम्स ग्रुपला घेऊन. आजही कुठलंही ‘बेस्ट ऑफ क्रिस्टल्स’ उचला, त्यात हे गाणं असतंच, असावंही लागतं. ज्या मुलींनी ते गायलंच नाही त्यांना ते मंचावर म्हणून दाखवावं लागलं.

आणि @फडताळ, “एकेक बरं ग्रेटेस्ट हिट्स घ्या” इतकं सोपं नाही. स्वस्तातल्या संग्रहांत मूळ गाणीच नसतात. त्याच बायकांनी, किंवा त्यांच्यातल्या एखादीनेच, पंधरा-वीस वर्षांनी नव्याने गायलेली असतात. वर झोकात ‘ओरिजिनल आर्टिस्ट्स’ लिहिलेलं. ‘ओरिजिनल रेकॉर्डिंग्ज’ लिहिलंय का ते बघा. दुसरं म्हणजे मोनो. ही गाणी एका स्पीकरसाठी बांधलेली. काही सीडींवर त्यांचं स्टिरिओ मिश्रण टाकतात, मग आवाज एका कानात आणि ढोल दुसऱ्या कानात. तो सगळा एकजीव दणका पार विस्कटतो.

फडताळ
मोनोचं शंभर टक्के. पण हे सगळं माझ्याच बाजूने जातंय की! कोण गायलं, कोणाचं नाव लागलं, हा घोळ अल्बमवरही तेवढाच आहे. १९७० चा मार्व्हेलेट्सचा शेवटचा अल्बम घ्या. वॉन्डा यंग एकटी, बाकी पुन्हा अँडान्टिज. आणि नाव काय, तर ‘रिटर्न ऑफ द मार्व्हेलेट्स’! निदान संग्रहात गाणी तरी चांगली असतात.

मंद्रसप्तक
गाणी चांगली असतात, पैसे कुठे जातात ते विचारा. रॉनेट्सनी १९६३ मध्ये स्पेक्टरशी करार केला, तिघींना मिळून साधारण १५,००० डॉलर आगाऊ मिळाले आणि पुढे रॉयल्टी म्हणून काही नाही. त्यांची गाणी सिनेमात, जाहिरातीत, संग्रहांत वाजतच राहिली. खटला वर्षानुवर्षं चालला, आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की रेकॉर्डिंगचे हक्क स्पेक्टरचेच. विक्रीवरची रॉयल्टी तेवढी त्यांच्या पदरात. तमाशाच्या फडासारखं आहे हे, पाटी मालकाची आणि नाचणारी कोणीही. सुप्रीम्सची मेरी विल्सन पुढे याच्याचसाठी झगडली. ग्रुपचं नाव लावून भलतेच लोक कार्यक्रम करत फिरतात, ते थांबवणारे कायदे अमेरिकेतल्या राज्याराज्यांत व्हावेत म्हणून.

म्हणून संग्रह करायचाच तर २००५ च्या ऱ्हायनो कंपनीच्या ‘वन किस कॅन लीड टू अनदर’सारखा करावा. चार सीडी, टोपीच्या गोल डब्यात घातलेल्या. त्यात गाजलेल्यांच्या शेजारी कोणी नाव न घेतलेल्या मुलीही आहेत.

टपरीवाला
डबा गोल असला की न्याय मिळतो, नोंद केली.

फडताळ
😄 ते जाऊ दे. ताई, एकच सांगा. असा एक अल्बम सांगा जो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवतो. रॉनेट्सचा १९६४ चा सांगू नका. त्यात ‘बी माय बेबी’, ‘बेबी आय लव्ह यू’, ‘वॉकिंग इन द रेन’ सगळंच आहे. तो नाव बदललेला ग्रेटेस्ट हिट्सच.

मंद्रसप्तक
त्याच्यावरही ‘फीचरिंग व्हेरोनिका’ छापलंय, बाकीच्या दोघी मुकाट.
बरं, घ्या: मार्व्हेलेट्स, १९६७, नुसत्या ग्रुपच्या नावाचा. लोक ‘गुलाबी अल्बम’ म्हणतात. ‘द हंटर गेट्स कॅप्चर्ड बाय द गेम’ त्यात आहे, स्मोकी रॉबिन्सनचं. वॉन्डा यंग ते इतकं हळू, इतकं कानाशी येऊन गाते की ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’वाला हाच ग्रुप का, असं वाटावं. तुम्ही ज्याच्यावर विषय संपवणार होतात ना, ते मार्व्हेलेट्सचं ‘ग्रेटेस्ट हिट्स’ १९६६ च्या सुरुवातीला निघालं. हे गाणं वर्षअखेरीला. तुमच्या फडताळात ते नाहीच.

फडताळ
‘हंटर’ मला माहीत आहे. नंतरच्या संग्रहात आहे माझ्याकडे. 🙂

मिशिगनकर
मोनो का स्टिरिओ?