मदत हवी: सर्व्हरवर एनटॉपएनजी (नेटवर्कचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू झालं, पण बाकीच्या संगणकांचा ट्रॅफिक दिसत नाही

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करतो. बिलिंग माझ्याकडे आहे आणि सर्व्हरची जबाबदारीही माझ्यावरच आहे.

आमच्याकडे 24 संगणक आणि 50 एमबीपीएसची लाइन आहे. दुपारी तीन ते पाच नेट इतकं मंदावतं की ई-वे बिलाचं पान उघडत नाही. ठरावीक किमतीवरचा माल त्या बिलाशिवाय गेटबाहेर काढता येत नाही. परवा कास्टिंग भरलेली गाडी दीड तास उभी होती आणि ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर बसून होता. त्याला पुढं पुण्याला पोचायचं होतं, फार वाईट वाटलं. नेटवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "लाइन फुल आहे, वापर तुमच्याकडूनच होतोय." ग्राफ पाठवला, तो खरोखरच भरलेला होता. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी लाइन खातंय. कोण, तेवढं शोधायचं आहे.

सर्व्हरवर उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली आहे. आधी व्हीएनस्टॅट टाकलं, त्या संगणकावरून किती डेटा आला-गेला ते मोजणारं. जुन्या लेखांत वाचून नेटवर्क कार्डाचं नाव 'ईटीएच0' दिलं, तर असं कार्डच नाही म्हणून एरर आला. 'आयपी लिंक' कमांड चालवल्यावर खरं नाव 'ईएनपी3एस0' निघालं. मग पाच-एक मिनिटं पुरेसा डेटा नाही असंच येत राहिलं, नंतर आकडे दिसू लागले. त्या मंद तासात सर्व्हरनं दोन्ही बाजू मिळून 1 जीबीही हलवला नव्हता, तोही आतल्या आत जाणाऱ्या ड्रॉइंगच्या फाइली धरून. 50 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, लाइन तासभर भरून वाहिली तर साडेबावीस जीबी होतात. म्हणजे सर्व्हर यात नाही.

मग एनटॉपएनजी टाकलं. त्याला रेडिस हा डेटाबेस लागतो, तोही चालू आहे. ब्राउझरमध्ये 3000 पोर्टवर पान उघडतं, पासवर्ड बदलला, फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं उघडलं. पण यादीत सर्व्हरचं स्वतःचंच येणं-जाणं दिसतं. डिझाइनवाले, स्टोअर, सीसीटीव्ही यांचं बाहेरचं काहीच नाही. सेटिंग चुकलंय का? का सर्व्हरलाच गेटवे करावा लागेल, म्हणजे सगळ्यांचं नेट त्याच्यातूनच जाईल असं? तसं केलं तर सर्व्हर बंद पडला की सगळ्या कारखान्याचं नेट जाईल, याची धास्ती वाटते.

एक सांगतो, कोण काय बघतो यात मला रस नाही. कुठल्या संगणकावरून किती डेटा जातो, एवढंच हवं आहे.

प्रतिसाद:
सेटिंग बरोबर आहे दादा. स्विच (सगळ्या संगणकांच्या केबल जोडणारा डबा) ज्याचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, त्याच्याच पोर्टला (केबलच्या खाचेला) देतो, त्यामुळं दुसऱ्यांचं पॅकेट सर्व्हरपर्यंत येतच नाही. पूर्वीचे हब सगळ्यांना सगळं पाठवायचे. गेटवे करू नका, तुमची धास्ती रास्त आहे. पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या डेटाची नक्कल दुसऱ्यावर काढायची सोय) असलेला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच घ्या. राउटरकडं जाणारी केबल ज्या पोर्टला आहे, त्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढा. सर्व्हरला आणखी एक नेटवर्क कार्ड बसवून ते तिथं जोडा, त्याला आयपी पत्ता देऊ नका आणि एनटॉपएनजीच्या कॉन्फिगमध्ये त्याच कार्डाचं नाव घाला. नक्कल राउटरच्या आतल्या बाजूचीच हवी. बाहेरच्या बाजूला नॅटमुळं (राउटर आतले पत्ते बदलून स्वतःचा एकच लावतो) सगळे संगणक एकाच पत्त्याखाली दिसतील आणि पुन्हा तोच प्रश्न उरेल. एचटीटीपीएसमुळं (वेबसाइटचा डेटा कुलूपबंद पाठवायची पद्धत) आतला मजकूर तसाही दिसणार नाही, तरी ऑफिसात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. उद्यमनगरातल्या एका मित्रानं दोन दिवसांसाठी स्विच दिला, कार्ड माझ्याकडं पडून होतं. काल दुपारी बरोबर तीनला डिझाइनचे दोन संगणक यादीत सगळ्यात वर गेले आणि पाचपर्यंत तिथंच राहिले, जवळजवळ सगळा अपलोड. ड्रॉइंगचा क्लाउड बॅकअप रोज तीनला लागत होता. वर्षापूर्वी कोणीतरी लावलेली वेळ, डिझाइनवाल्यांनाही माहीत नव्हती. त्यांच्यासमोरच ती रात्री नऊची केली. आजची गाडी चारला भरते, बिल निघालं की इथं कळवतो. साधारण 24 संगणकांना पुरेल असा मिररिंगवाला स्विच कोणी वापरत असेल तर मॉडेल सांगा, मित्राचा उद्या परत द्यायचा आहे.