अनुभव हवेत: चौथा-पाचवा रिसीव्हर आत कधी येतो, बाहेर कधी जातो?

मावळतीकर
रविवारी तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) एकदम चार रिसीव्हर (पास झेलायला पळणारे) उतरले आणि सोफ्यावरून प्रश्न आला, "हा चौथा इतका वेळ होता कुठे?" एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, नवीन नवीन बघताना हेच कोडं पडायचं, ते आठवलं. मुरलेल्यांनी लिहा. माझ्याकडून एवढंच: संघाच्या 53 जणांत रिसीव्हर साधारण पाच-सहा. सामन्याला 48 जण, तेही आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन (समोरच्यांना अडवणारे) धरले तर, नाहीतर 47. म्हणून सहावा बहुतेक वेळा ट्रॅकसूटमध्ये.

पिट्सबर्गकर
मैदानात कोण किती ते सांगणारे 11, 12 असे आकडे कळले की अर्धं कळलं. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) आणि पाच लाइनमन सोडले की उरतात पाच. पहिला अंक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), दुसरा टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही), पाचातले उरलेले रिसीव्हर. 11 म्हणजे तीन, 12 म्हणजे दोन, 10 म्हणजे चार. पण चौथा फक्त 10 मध्येच येतो असं नाही. एक्स (टोकाचा एक रिसीव्हर) 40 यार्डांचा गो रूट (सरळ पुढची धाव) पळाला, चेंडू भलतीकडेच गेला, आता तो धापा टाकत परत येणार. हेल्मेटवर थापटलं की कोच त्याच जागी दुसरा पाठवतो. आकडा 11 च राहतो.

अभ्या
मेस्सीचा धागा समजून आलो होतो 🙏

मावळतीकर
@अभ्या बसा हो, चहा टाकलाय.

रानजाई
डबे भरता भरता लिहितेय, चुका पोटात घाला. बदली फुकट नसते. ऑफेन्सने (चेंडू असलेल्या संघाने) माणूस बदलला की पंच डिफेन्सलाही बदलायला वेळ देतात, तोवर चेंडू खेळवता येत नाही. कोणीच बदललं नाही तर भराभर रांगेत येऊन दमलेल्या डिफेन्सला तसंच पळवता येतं. म्हणून दोन मिनिटं उरली की तेच तिघं राहतात, दमले तरी.
आणि घोळ होतो तो असा: एकाच्या जागी दोघं धावत येतात, हडलमध्ये (खेळी ठरवायच्या घोळक्यात) अकराऐवजी बारा. दंडाचे 5 यार्ड गेले. म्हणून आत जाणारा ओरडत जातो की कुणाच्या जागी आलोय.

पिट्सबर्गकर
+1. शिवाय आत येणाऱ्याने मैदानावर रंगवलेल्या आकड्यांच्या आतपर्यंत यावंच लागतं. कडेला लपून राहिला आणि स्नॅपला (चेंडू खेळात आला की) पळाला, हे चालत नाही.

निवांत
ते सगळं ठीक, पण चौथ्या-पाचव्याची नोकरी टिकते स्पेशल टीम्सवर (लाथेच्या खेळींवर). पंटला (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देताना) दोन्ही टोकांना गनर असतात, चेंडू परत आणणाऱ्या रिटर्नरला पकडायला धावणारे. चेंडूला पाय लागण्याआधी खेळ सुरू होण्याची रेषा ओलांडायची मुभा फक्त टोकाच्या दोघांना, बाकीचे थांबतात. त्यामुळे समोरचे एका गनरवर कधी कधी दोन माणसं लावतात. गनरने आतल्या बाजूने सुटायचा मोह धरला की कडेची वाट मोकळी, रिटर्नर तिथूनच निसटतो.
मॅथ्यू स्लेटर बघा. 2008 मध्ये रिसीव्हर म्हणून निवडलेला, अख्ख्या कारकिर्दीत झेल एक, प्रो बोलसाठी (लीगच्या निवडक खेळाडूंत) निवड 10 वेळा!

कोथिंबीर
एक झेल?? आमच्या सोसायटीच्या क्रिकेट टीममध्ये सहज बसेल 😂

रानजाई
अजून एक. किकऑफ परत आणणारा रिसीव्हर असेल तर पहिल्या डाउनला तो बऱ्याचदा दिसत नाही, आत्ताच जीव खाऊन पळालाय. पंट कव्हर करणाऱ्याचं तसं नाही, पुढे आपला डिफेन्स खेळतो, त्याला बसायला मिळतं.

निवांत
बदली माणसाला एक्स, झेड, स्लॉट (रिसीव्हरच्या उभं राहायच्या जागा) तिन्ही यावं लागतं. एक्स रेषेवर, झेड एक पाऊल मागे. रेषेवर सात हवेत. नवखा झेडच्या सवयीने मागे उभा राहिला की सहाच उरतात, इलीगल फॉर्मेशन, पुन्हा 5 यार्ड. म्हणून रिसीव्हर कडेच्या पंचाकडे हात करून विचारतो, मी रेषेवर ना?
आणि ब्लॉकिंगसाठीच एखाद्याला आत घेत राहिलं तर डिफेन्सला वास येतो की आता रन. अधूनमधून त्याच्याकडे एक पास टाकावाच लागतो.

कोथिंबीर
फॅन्टसीत (आपला संघ निवडून गुण मिळवायच्या खेळात) चौथा रिसीव्हर घ्यावा का मग?

पिट्सबर्गकर
किती स्नॅप खेळला ते बघून फसू नका, त्यातले किती रूट पळाला ते बघा. रनला ब्लॉक करत असेल तर गुण शून्य. बाकी प्रॅक्टिस स्क्वॉडमधून (53 बाहेरच्या सरावाच्या खेळाडूंतून) सामन्याला दोघांना वर घेता येतं, एका खेळाडूला हंगामात तीनदा. आठवड्याच्या सरावात तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा रिसीव्हर बनून पळतो. केंडल हिंटन तिथलाच. 2020 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजचे सगळे क्वार्टरबॅक कोविडच्या नियमात अडकले आणि याला क्वार्टरबॅक केलं. 9 पैकी 1 पास पूर्ण.

कोथिंबीर
अरेरे बिचारा.

अभ्या
चहा संपला, पण पंटचं जमतंय डोक्यात. हे भारतात किती वाजता लागतं?

मावळतीकर
@अभ्या तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी 1, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा.