जिल्हा आरोग्य विभागाच्या वेबसाईटची मांडणी सुधारायची आहे, सल्ला हवा

मीठभाकर
मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर आहे. साहेबांनी वेबसाईटची मांडणी नीट करायला सांगितलंय. बजेट ४० हजार, एक रुपया वाढणार नाही. नवी साईट किंवा अ‍ॅप नको, आहे त्यातच मेनू आणि पानं बदलायची आहेत. सध्याचा मेनू असा: आमच्याविषयी, प्रशासकीय रचना, नागरिकांची सनद, माहितीचा अधिकार, योजना, परिपत्रके, निविदा. लोक फोनवर विचारतात ते वेगळंच. कुत्रा चावलाय, लस कुठे मिळेल? दिव्यांग दाखल्यासाठी तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड कोणत्या वारी? महात्मा फुले योजनेत जवळचं हॉस्पिटल कुठलं? मेनू आजारांप्रमाणे लावू की सेवांप्रमाणे? असं काम केलेल्यांनी सांगा.

डोंबिवलीचा_दादा
सरळ अ‍ॅप करा. आमच्या सोसायटीचं दीड लाखात झालं, चॅटबॉटसकट. लोक खूश आहेत. हवा तर त्या मुलाचा नंबर देतो.

मीठभाकर
दादा, बजेट ४० हजारच आहे आणि अ‍ॅप नको आहे.

सई_लंडन
इथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, साईटवर आजारांची आद्याक्षरांप्रमाणे यादी आहे. प्रत्येक पानावर लक्षणं काय, घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं आणि तातडीने कधी धावायचं, हे ठळक वेगळं काढलेलं असतं. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा मध्यरात्री त्याच पानाने मला धीर दिला. आजारांप्रमाणेच लावा.

क्रुतीदेवचा_शत्रू
मेनू नंतर बघा, आधी त्या पीडीएफ काढा! अर्ध्या स्कॅन केलेल्या, उरलेल्या जुन्या फॉन्टमधल्या. शोधलं तर काही सापडत नाही, कॉपी केलं तर भलतीच अक्षरं येतात. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता आणि शोधता येणारी अक्षरं, येऊन इतकी वर्षं झाली!

अण्णा_निवृत्त
जुन्या फॉन्टमध्ये आम्ही अख्खी कचेरी चालवली आहे. टायपिंगचा वेग त्यातच होता.

क्रुतीदेवचा_शत्रू
वेग तुमचा, अण्णा, त्रास वाचणाऱ्याला.

सिस्टर_वाडा
मी बरीच वर्षं उपकेंद्रात काम करते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. म्हणून तुमच्या साईटवर फक्त तुमचीच केंद्रं दिसतात. पेशंटला ही वाटणी कुठून ठाऊक असणार? कुत्रा चावल्यावर जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं आणि ते प्रत्येक प्राथमिक केंद्रात असेलच असं नाही. त्या माणसाला ग्रामीण रुग्णालयाचं नाव त्याच पानावर मिळालं पाहिजे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हेही तिथेच लिहा. आणि रुग्णवाहिकेचे १०८ व १०२ हे नंबर प्रत्येक पानावर सगळ्यात वर.

डोंबिवलीचा_दादा
१०८ चं बटण अ‍ॅपमध्ये सहज देता येतं.

कागदकात्री
मी वेबसाईटच्या मांडणीचंच काम करते. एक पैसा न खर्चता करता येईल असं सांगते. लोक फोनवर विचारतात ते प्रश्न एकेका चिठ्ठीवर लिहा. ओपीडीच्या रांगेतल्या लोकांना त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला सांगा आणि गठ्ठ्याला नावही त्यांनाच देऊ द्या. 'श्वानदंश प्रतिबंधक लसीकरण' असं नाव कुणीही देणार नाही. मग नवा मेनू कागदावर काढा, दुसऱ्याच लोकांना दाखवा आणि विचारा, दिव्यांग दाखला यात कुठे शोधाल? बोट अडलं की तिथलं नाव बदला. माझं मत सेवांप्रमाणे.

नियमावली
माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधली माहिती साईटवरून उडवू नका, ती स्वतःहून जाहीर करणं बंधनकारक आहे. वरच्या मेनूतून काढून पानाच्या तळाशी नेलीत तर चालेल. सरकारी वेबसाईटसाठीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही वाचा.

विदर्भवारा
वडिलांच्या दिव्यांग दाखल्यासाठी साईटवर बुधवार वाचून साठ किलोमीटर गेलो. बोर्डाचा वार कधीच बदलला होता. मेनू कितीही सुंदर करा, आतली माहिती शिळी असेल तर काय उपयोग?

पुणेरी_पंत
पीडीएफ काढा हे मीही सांगणार होतो. सेवांप्रमाणेच लावा.

मीठभाकर
सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्यांचा प्रयोग केला, पण मेनू आजारांप्रमाणेही लावत नाही आणि सेवांप्रमाणेही. पहिल्याच पानावर तालुका निवडायचा. मग त्या तालुक्यातली जिल्हा परिषद आणि सिव्हिल सर्जन अशी दोन्हीकडची सगळी केंद्रं एका यादीत: रात्री कुठे डॉक्टर असतो, लस कुठे, योजनेतलं हॉस्पिटल कुठलं, बोर्डाचा वार, फोन नंबर. रांगेतल्या बहुतेकांनी आधी गावाप्रमाणेच गठ्ठे केले. ४० हजार डिझाईनला न देता एक मुलगी नेमतोय. ती प्रत्येक केंद्राला फोन लावून नंबर आणि वेळा तपासेल.

कागदकात्री
तालुका निवडायला लावलंत की एक क्लिक वाढतो. शिवाय तालुक्याच्या सीमेवरच्या गावांना शेजारच्या तालुक्यातलं केंद्र जवळ असतं. मला पटत नाही.

मीठभाकर
ताई, सीमेवरच्या गावांचं बरोबर आहे. शेजारच्या तालुक्यातली जवळची केंद्रंही त्या यादीत घेतो. पण सुरुवात तालुक्यापासूनच.

सिस्टर_वाडा
आणि ती मुलगी गेल्यावर?

मीठभाकर
वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक सभेत प्रत्येकाने आपल्या केंद्राचं पान वाचून सही करायची, असं साहेबांकडून पत्र काढून घेतलंय.