इजिप्त: आई-बाबांसाठी छोटा ग्रुप की प्रायव्हेट गाईड? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लांबलचक होणारे, चहा घेऊनच बसा.

येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत आणि आम्ही दोघी बहिणींनी मिळून त्यांना इजिप्तला पाठवायचं ठरवलंय. बाबा ७२, आई ६८. आमच्यापैकी कोणीच सोबत जाऊ शकत नाहीये, माझ्या लेकाची दहावी आणि बहिणीची नवी नोकरी, त्यामुळे ते दोघंच. आता गाडं अडलंय ते इथे की १२-१४ जणांच्या छोट्या ग्रुपबरोबर पाठवायचं का गाडी, ड्रायव्हर, गाईड सगळं फक्त त्या दोघांपुरतं करून द्यायचं. दोन महिने झाले, रोज रात्री फोनवर हाच विषय, सहकारनगरहून बाणेरला आणि बाणेरहून सहकारनगरला.

थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे कळेल. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. पानशेत फुटलं, १२ जुलै १९६१, तेव्हा ते आठ वर्षांचे होते, शनवारातल्या वाड्यात पाणी आलेलं त्यांनी माळ्यावर बसून बघितलंय, आणि तेव्हापासून धरण या विषयावर त्यांना कोणी थांबवू शकलेलं नाही. त्यांना इजिप्त म्हणजे पिरॅमिड नव्हेच, आस्वानचं धरण. १९६० ते ७० मधे बांधलं, उंची १११ मीटर, लांबी पावणेचार किलोमीटरच्या वर, आणि त्याच्या पाण्याखाली जाणार म्हणून अबू सिंबेलचं अख्खं देऊळ १९६४ ते ६८ मधे कापून, तुकडे करून ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं. हे सगळं वरणभात कालवताना ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

तर २०१९ ला दोघं युरोपला गेले होते, इथल्याच एका कंपनीबरोबर, नाव नको, ४६ जणांचा ग्रुप. राईन फॉल्सला बाबा एका बोर्डापाशी थांबले, तिथल्या जुन्या वीजकेंद्राबद्दल काहीतरी लिहिलेलं, चष्मा बदलून वाचायला लागले तेवढ्यात मागून "काका चला, काका चला, बस सुटतीये". धबधब्याला एकूण वीस मिनिटं आणि त्यात बाथरूमची रांग. आणि त्याच दिवशी दुपारी ल्युसर्नला घड्याळाच्या दुकानात दीड तास. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं की आता ग्रुप टूर या जन्मात नाही.

आणि आई? तिला तीच ट्रिप आयुष्यातली बेस्ट ट्रिप वाटते! बसमधे अंताक्षरी, शेजारच्या सीटवरच्या साताऱ्याच्या काकू, त्यांनी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. त्यातल्या पुण्यातल्या पाच जणी अजून दर महिन्याला भेटतात, भिशी चालू आहे. ती म्हणते दोघांनीच जाऊन काय करायचं, एकमेकांची तोंडं घरी बघतोच की फुकटात.

पैशाचं म्हणाल तर छोट्या ग्रुपचं कोटेशन माणशी साधारण दोन लाख दहा हजार आलंय, मुंबईहून विमानासकट, नऊ रात्री. प्रायव्हेटचं माणशी पावणेतीनच्या आसपास. फरक आहे पण त्यासाठी अडणार नाही आम्ही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. आईचा उजवा गुडघा दुखतो आणि बाबांना बीपी आहे. ग्रुपमधे निदान आपला एक टूर मॅनेजर मुंबईपासून सोबत असतो, रात्री दोनला काही झालं तर उठवता येतं. प्रायव्हेटमधे गाईड संध्याकाळी घरी गेला की ते दोघं आणि हॉटेलचा रिसेप्शनिस्ट. उलट गुडघ्यासाठी प्रायव्हेटच बरं असंही वाटतं, तिला बसावंसं वाटलं तर बसेल, तेरा जण घड्याळ बघत उभे राहणार नाहीत.

कोणी ज्येष्ठांना असं एकटं पाठवलंय का? स्वतः यापैकी कुठल्या प्रकारे इजिप्त केलं असेल तर प्लीज लिहा. आणि कृपया "दुबईला पाठवा" असं सुचवू नका, सासूबाईंनी सुचवून झालंय.

---

फुलपात्र: ग्रुप. डोळे मिटून ग्रुप. या वयात परक्या देशात दोघंच, नको गं बाई. माझ्या दिरांना व्हिएतनाममधे अपेंडिक्सचं दुखणं निघालं तेव्हा टूर मॅनेजर दोन रात्री हॉस्पिटलात बसून होता, गाईड काय बसणारे का?

---

नर्मदेहर: आम्ही गेल्या जानेवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन प्रायव्हेट केलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इजिप्तमधे प्रायव्हेट म्हणजे पूर्ण प्रायव्हेट नसतंच. लक्सर ते आस्वान क्रूझ घेणारच ना तुम्ही? त्या बोटीवर बाकीचे प्रवासी असतातच. गाईड तुमचा एकट्याचा, पण जेवण, डेक, संध्याकाळचा चहा सगळा मेळा. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवसापर्यंत अहमदाबादच्या एका कुटुंबाशी इतकी गट्टी केली की ठेपले आणि भाकरवडीची अदलाबदल झाली. तेव्हा आईंना माणसं मिळतील, काळजी नको.

गुडघ्याचं मात्र नीट वाचा. बोटी धक्क्याला एकीला एक लागून उभ्या करतात, चार-चार पाच-पाच. आपली बोट शेवटची असली तर किनाऱ्यावर जायला बाकीच्या बोटींच्या लॉबीतून आरपार जायचं, मधे उंबरठे आणि लाकडी फळ्या. वाटेत एडफू गाव लागतं, तिथे देवळापर्यंत पहाटे घोडागाडीने नेतात, तिची पायरी उंच आहे, आम्ही गाईडला सांगून टॅक्सी केली. ग्रुपमधे हे सांगता येतं पण मग आपण "ते स्पेशल केस" होतो, आणि ते सासूबाईंना अजिबात आवडत नाही. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटात तीन कबरी बघता येतात, तुतनखामनचं तिकीट वेगळं. गाईड आत येऊन बोलत नाही, बाहेरच सावलीत उभं करून सगळं सांगतो आणि मग आपण आपलं आत जायचं. म्हणजे कुठल्या तीन निवडायच्या हेच महत्त्वाचं. थुटमोस तिसऱ्याची म्हणजे उभा जिना, आईंनी नाव काढू नये. रामसेस चौथ्याची आत उतरत जाते पण उतार सौम्य आहे आणि रंग अजून काल लावल्यासारखे. ग्रुपमधे हे तीन बहुतेक वेळा गाईडच ठरवतो, आमच्या बाबतीत आम्ही ठरवले. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचा हट्ट करू नका, वाकून चढायचं आहे, वर पोचल्यावर एक रिकामी खोली आणि एक दगडी पेटी.

बाबांसाठी: सगळ्या टूरमधे हाय डॅम, म्हणजे त्यांचं आस्वानचं धरण, असतोच, पण म्हणजे गाडीतून उतरा, फोटो काढा, चढा. प्रायव्हेटमधे आधीच लिहून घ्या की इथे दीड तास हवाय आणि आस्वानचं न्युबियन म्युझियम हवंय, त्यात देवळं हलवल्याची माहिती आहे, ग्रुपवाले ते हमखास गाळतात. फिलेचं देऊळसुद्धा असंच उचलून शेजारच्या बेटावर नेलंय, तिथे मोटरबोटीने जातात. अबू सिंबेल आस्वानहून २८० किमी, रस्त्याने जायचं तर पहाटे चारला निघायचं, जाताना तीन-साडेतीन तास आणि येतानाही तेवढेच, हे मात्र ग्रुप असो की प्रायव्हेट, सुटका नाही.

---

दोनचाकी: छोट्या ग्रुपबद्दल एक सांगतो, मी दोनदा फसलोय. "कमाल १४" लिहिलेलं असतं पण किमान किती ते बारीक अक्षरात. आमची एक तारीख सहाच जण झाले म्हणून दीड महिना आधी रद्द, विमानाची तिकिटं आम्ही वेगळी काढलेली, बसा बोंबलत. त्यामुळे "ही तारीख नक्की निघणार का" हे ईमेलवर लेखी घ्या. दुसरं म्हणजे विचारा बाकीचे कोण आहेत. कंपनी परदेशी असेल तर पंचविशीतली पोरं बॅकपॅक घेऊन रात्रीच्या ट्रेनने लक्सरला जाणार आणि तुमचे आई-बाबा त्यांच्यात. कंपनी आपल्याकडची असेल तर वय जुळेल पण मग ताटात पुन्हा पनीर आणि जीरा राईसच.

जेवणाचं टेन्शन नका घेऊ, शाकाहारी असतील तर कोशरी आहे, भात मसूर मॅकरोनी छोले आणि वर तळलेला कांदा, आपल्या मिसळीचा लांबचा चुलतभाऊ.

---

धागाकर्ती: नर्मदेहर, प्रिंट काढून बाबांना दिलंय, त्यांनी न्युबियन म्युझियमखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्यात. आई म्हणते बोटीवर अहमदाबादकर भेटतीलच याची गॅरंटी काय?? बरोबर आहे तिचं. भाषेचं पण विचारायचं होतं, आईला इंग्रजी समजतं पण भरभर बोललेलं नाही.

---

नर्मदेहर: आमचा गाईड सावकाश बोलायचा, सांगितलं की बोलतात. फक्त अरबीत प ला अक्षर नाही त्यामुळे पहिला दिवस आम्ही "बिरॅमिड" आणि "बार्किंग"मधे घालवला. गाईड सरकारी परवान्याचा आहे ना तेवढं विचारा. आणि "परफ्युम, पपायरस, कुठलंही दुकान नको" हे प्रोग्रॅममधे लिहून घ्या, नाहीतर प्रायव्हेटमधेसुद्धा तुमचं ल्युसर्न होईल. कैरोला एजंटचा माणूस इमिग्रेशनच्या आधी पाटी घेऊन उभा राहतो, शेवटी विमानात बसवेपर्यंत असतो, तो चोवीस तास फोन घेईल ना हे बघा. रात्री दोनच्या भीतीवर उत्तर म्हणजे तो माणूस आणि चांगला इन्शुरन्स. सत्तरीनंतर प्रीमियम वाढतो पण बीपी लपवू नका, क्लेम अडकतो.

---

आजोळ: तुम्ही सगळे दोनच पर्याय का धरून बसलात? गाडी आणि गाईडचे पैसे दिवसाचे असतात, डोक्यामागे नाही. दोघांऐवजी चौघं गेले तर त्याच गाडीत, त्याच गाईडमधे माणशी खर्च बराच खाली येतो. आईंची बहीण, नणंद, भिशीतली एखादी जोडी कोणी नाही का? आपलाच ग्रुप करा. आईंना गप्पांना माणूस, बाबांना धरणावर दीड तास, तेवढ्या वेळात बाकीचे सावलीत चहा पितील. रात्रीबेरात्री शेजारच्या खोलीत आपलं माणूस पण राहील.

जाता जाता, पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच घेतलेला टॅक्स, लागतो, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो पण आत्ता हातातून जातोच, कोटेशनमधे धरलाय का बघा.

---

धागाकर्ती: आजोळ, तुम्हाला काय सांगू!! हे आमच्या डोक्यात का आलं नाही. मावशी आणि काका, चिंचवडला असतात, काका टेल्कोतून रिटायर, म्हणजे मशीन दिसलं की ते पण बोर्ड वाचत थांबणारे. काल रात्री आईला म्हटलं आणि माझं वाक्य संपायच्या आत तिने लँडलाईनवरून मावशीला फोन लावला. पाऊण तास. त्यात इजिप्त पाच मिनिटं, बाकी कोणाच्या मुलीचं कुठे जमलं. बाबांची एकच अट, गाडीत पुढची सीट त्यांची.

नवं कोटेशन मागवलंय चौघांचं, दुकानं नकोत आणि धरणाचे दीड तास लेखी. छोट्या ग्रुपला नाही कळवलं आज, खरं सांगायचं तर किमान किती जण हे विचारल्यावर त्यांनी दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

आता मावशीचा एक प्रश्न आहे, यावर तिचं जायचं की नाही ते अवलंबून आहे असं ती गंभीरपणे म्हणते. तिथे आपल्यासारखा चहा मिळतो का?

---

नर्मदेहर: नाही. काळा, कडक, भरपूर साखर, कधी पुदिना. दुधाची पावडर आणि आलं इथूनच न्या, गरम पाणी बोटीवर मागाल तेव्हा देतात. सासूबाईंनी डेकवर रोज चारला स्वतःचा चहा केला आणि अहमदाबादकर तिथेच भेटले.